नापास केलेली पट्टी

माझी धाकटी बहीण फौजेच्या विमानात बसून समुद्रकिनाऱ्याचे फोटो काढते, आणि मी कर्जतला हार्डवेअरच्या दुकानावरच्या खोलीत बसून तसल्याच फोटोंवर माउसनं रेघ ओढते. हे ऐकलं की माणसं खूश होऊन म्हणतात, "अरे वा! दोघी बहिणी एकाच लाइनीत की!" असं म्हणणाऱ्याच्या पुढ्यातला चहाचा कप उचलून परत स्वयंपाकघरात न्यावा असं मला वाटतं. एकच लाइन कसली डोंबलाची? ती वरून बघते, मी खाली मान घालून गिरवते.

आधीच सांगून टाकते, मी तिच्यावर जळते. हेवा, असूया वगैरे पुस्तकातले शब्द झाले. आमच्याकडे जळणं म्हणतात आणि तेच बरोबर आहे, कारण पोटात खरोखर काहीतरी पेटतं. तिचा फोन आला की आईचा आवाज दोन पट्ट्या वर चढतो. तो चढला की माझं सुरू होतं.

फौजेचा फॉर्म पहिल्यांदा घरात आणला तो मी. बाबा तेव्हा मोहोपाड्याच्या कंपनीत होते, आम्ही स्टाफ कॉलनीत राहायचो. लेखी परीक्षा मी पास झाले. मग मेडिकलला बोलावलं तेव्हा बाबांबरोबर धाकटीही आली, कारण आई गावी गेलेली, घरी तिला सांभाळायला कुणी नव्हतं. सात वर्षांनी लहान माझ्याहून. बाहेर बाकावर बसून ती वडापाव खात होती आणि आत एक बाई माझ्या डोक्यावर फळी टेकवून उंची मोजत होत्या. दीड बोट कमी भरली. मी म्हटलं, मॅडम, परत मोजा ना. त्यांनी बिचाऱ्यांनी परत मोजलं, तेवढीच. बाहेर आले तर धाकटी विचारते, "ताई, झालं का गं? तुझा वडा गार झाला." तो वडा मी खाल्ला नाही. तिनंच खाल्ला, आणि तो तिच्या अंगी लागला असणार, कारण पुढं ती अशी उंच झाली की चौकटीत वाकून येते. एकाच पातेल्यातला भात दोघींनी खाल्ला. मामांची उंची तिला आली आणि मला आली आत्याची.

ती अधिकारी झाली तेव्हा आमच्या गावच्या विहारात सत्कार झाला. गाव खालापूर तालुक्यात, बाबा रिटायर झाल्यावर आईबाबा तिकडंच राहायला गेले. तिला शाल मिळाली, मानचिन्ह मिळालं. मग भाषण करणाऱ्या काकांना माझी आठवण झाली. "हिचा लहानपणी अभ्यास घेणारी हिची ताईही आज इथं आहे," असं म्हणून त्यांनी मला पुढं बोलावलं आणि टेबलावरच्या गुच्छातलं एक गुलाबाचं फूल काढून दिलं. अख्खा गुच्छसुद्धा नाही! लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हसले. फोटोत मी फार छान हसलेय, अजून आईच्या घरी भिंतीवर आहे.

लग्नानंतर मी कर्जतला आले आणि दोनेक वर्षांनी या नकाशाच्या हापिसात लागले. आठ कॉम्प्युटर, एक एसी, आणि तो एसीही आमच्यासाठी नाही, कॉम्प्युटरसाठी. जिथं रस्ता नाही, बंदर नाही, बोटसुद्धा धड लागत नाही, अशा लांबलांबच्या किनाऱ्यांवरून फौजेचं विमान सरळ रेषेत उडतं. त्याच्या पोटाला भोक असतं, भोकात कॅमेरा. एका दमात जेवढा किनारा टिपला जातो त्याला आम्ही पट्टी म्हणतो. पट्टीवर गावाचं नाव नसतं, नुसता नंबर. कुठला किनारा ते आम्हाला सांगत नाहीत आणि विचारायचंही नसतं. आम्ही ओल्या वाळूची कड शोधायची, तिच्यावर रेघ ओढायची, मग झाडी, खडक, शेत, घर असेल ते दाखवायचं. या नकाशांवरून उद्या वादळाचा इशारा कुठल्या वस्तीला द्यायचा ते ठरतं, असं आमच्या सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

मी हुशार आहे हो कामाला. तीन वर्षांत मला तपासनीस केलं. म्हणजे रेघा ओढायला सुरुवात होण्याआधी पट्टी नीट आहे की नाही हे मी बघायचं. कारणांची यादी ठरलेली होती: ढग, ढगाची सावली, धूसर, तिरका. यातलं एक कारण निवडायचं आणि पट्टी नापास. ती नापास झाली की विमान पुन्हा उडवावं लागे. माझ्या शब्दावर फौजेचं विमान पुन्हा उडतं, हे मी नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो सेकंड शिफ्टला निघाला होता. "मग त्यांना सांग, जाताना मला कंपनीत सोडा," असं म्हणाला आणि डबा घेऊन गेला. पण मला त्या कामाचा अभिमान होता.

धाकटीचे फोटो कधी माझ्यापुढं येतील असं माझ्या स्वप्नातही नव्हतं. असली हापिसं पुष्कळ आहेत.

गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी मी आईकडं गेले होते. दुपारी धाकटीचा फोन आला. आईनं फोन स्पीकरवर टाकून ताटलीला टेकवून ठेवला. धाकटी नुसती उधळली होती. शुक्रवारी पहिल्यांदाच कॅमेऱ्याची सगळी जबाबदारी तिच्या एकटीवर टाकली होती. "पट्ट्या सगळ्या पास झाल्या ना ताई, की पुढच्या मोठ्या मोहिमेला मीच. आणि एक जरी परत आली तर दुसऱ्याला देतील. लाइनीत तिघं उभे आहेत माझ्यामागं." कुठं गेली होती ते तिनं सांगितलं नाही, सांगता येत नाही म्हणाली. "पण एक खडक होता गं पाण्यात, अगदी पाट्यावर वरवंटा आडवा ठेवल्यासारखा. मला आईची चटणी आठवली." आईला एवढं भरून आलं की तिनं पदरानं फोनच पुसला. मी म्हटलं, "जपून राहा." आणि भांडी घासायला उठले. भांडी जरा जोरातच घासली.

पंधरावीस दिवसांनी सोमवारी सकाळी मी पट्टी उघडली आणि पाण्यात पाट्यावर वरवंटा ठेवलेला.

वेळ बघितली, तारीख बघितली. तिचीच. मी ती पट्टी टोकापासून टोकापर्यंत दोनदा बघितली, आणि काय सांगू, सुंदर होती. एकही फोटो तिरका नाही, पाणी काचेसारखं, वाळूची कड मोजून घ्यावी इतकी साफ. मी चूक शोधत होते. हो, शोधत होते. तपासनीस म्हणून नाही, बहीण म्हणून. एखादी तरी सापडावी म्हणून मी चहाही घेतला नाही.

किनाऱ्याच्या मागं डोंगर होता, आणि डोंगराच्या पोटात, झाडीनं तिन्ही बाजूंनी झाकलेल्या सपाटीवर, काळे डाग होते. सहा. मी फोटो मोठा केला.

कोपरे काटकोनात. सावलीला काटकोन नसतात. भोवती मातीची बारीक कड, आणि प्रत्येक डागाच्या एकाच बाजूला करडा पांढुरका फराटा, वाऱ्यानं राख नेल्यासारखा. दुसऱ्या कुणाला तिथं काय दिसलं असतं मला माहीत नाही. मला धुराचा वास आला. राब होते ते, राब! भाताचं रोप टाकायच्या आधी जमीन भाजतात ते. मी शाळेत असल्यापासून उन्हाळ्यात गावी आले की आईबरोबर राब भाजले आहेत. आधी शेण, त्यावर झाडांच्या तोडलेल्या डहाळ्यांची कवळं, त्यावर गवत, वरून मातीचा हात, आणि वाऱ्याच्या उलट्या बाजूनं काडी लावायची, म्हणजे सावकाश जळतं. डोळे चुरचुरायचे, पापण्या करपायच्या. धाकटीला धुरानं खोकला यायचा, म्हणून ती आजोबांजवळ ओट्यावर बसून कलिंगड खायची. तिनं राबाला कधी हातही लावला नाही. म्हणूनच तर तिच्या कॅमेऱ्यानं टिपले आणि तिला कळलं नाही. पट्टीबरोबर आलेल्या कागदावर त्या जागेपुढं लिहिलं होतं, वस्ती नाही.

राब आहेत म्हणजे भात आहे. भात आहे म्हणजे माणसं आहेत, गुरं आहेत, झाडाखाली दडलेली चार घरं तरी आहेतच. हे सबंध हापिसात मला एकटीला दिसलं होतं. सर पुण्याचे, बाकीच्या मुली कॉलेजातून थेट इथं आलेल्या. मी खुर्ची मागं सारून "सर, हे बघा!" म्हणायचा अवकाश होता. आयुष्यात पहिल्यांदा मला तिच्यापेक्षा जास्त दिसलं होतं, तेही तिच्याच फोटोत.

आणि मी काय केलं? मला वाटलं, मी हे दाखवलं तर सगळे म्हणतील, काय सुंदर फोटो, काय बारीक टिपलंय, पट्टी पास. तिची मोठी मोहीम पक्की. पुन्हा विहार, पुन्हा शाल. आणि मला? एक गुलाबाचं फूल. मी यादी उघडली, "ढगाची सावली" निवडलं, आणि नापास केलं. त्या चार घरांचा विचार माझ्या डोक्यात आलाच नाही, खोटं कशाला बोलू? वादळाबद्दल सर काय बोलले होते ते मला नंतर आठवलं, फार नंतर. त्या क्षणी डोक्यात एवढंच होतं की एकदा, एकदा तरी तिला कुणीतरी म्हणावं, दीड बोट कमी आहे.

सरांनी माझ्या मागं उभं राहून पट्टीवर नजर टाकली. "सावलीच दिसतेय," म्हणाले. "बरं झालं पकडलंस. पावसाच्या आधी पुन्हा उडतील." मी म्हटलं, "हो सर." त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी सगळ्या मुलींना भजी खायला घातली. कशाबद्दल म्हणून विचारलं तर म्हटलं, असंच.

पुढच्या रविवारी फोन आला तेव्हा धाकटी रडत होती. ती लहानपणी रडायची तशीच, हुंदका गिळत गिळत. "ताई, एक पट्टी परत आली. सावली म्हणे. आकाश कोरं होतं गं! मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, ढगाचा तुकडा नव्हता. कोण बसलाय तिथं तपासायला, आंधळा मेला!" आई माझ्याकडं बघत होती, मी काहीतरी बोलावं म्हणून. मी म्हटलं, "होतं असं. वरून कळत नाही कधीकधी." आईनं त्या दिवशी जेवताना दोनच घास खाल्ले. मी मात्र पोटभर जेवले, वर ताकही प्यायले. दोन दिवस मला फार छान झोप लागली. तिसऱ्या दिवशी मोठी मोहीम दुसऱ्याला दिल्याचं कळलं आणि मग माझं अन्न मला नीट पचेना. आनंद संपला म्हणून की वाईट वाटलं म्हणून, हे मी स्वतःला विचारलं नाही.

पुन्हा उडायचं कामही तिलाच दिलं होतं, कारण चूक तिची धरली होती.

नवी पट्टी आमच्याकडं आली ती मे संपता संपता. सोबत नेहमीचा कागद, पण या वेळी त्यावर खाली हातानं लिहिलेल्या चार ओळी होत्या. सरांनी त्या मोठ्यानं वाचल्या. काळे डाग पहिल्याच जागी आहेत, म्हणून ती सावली नव्हे. कॅमेरा अधिकाऱ्यानं विमान खाली घ्यायला लावून प्रत्यक्ष पाहिलं. भाताचे राब आहेत, झाडाखाली वस्ती आहे, माणसांनी हात केले. ही वस्ती आजवर कुठल्याही नकाशात नाही. सर म्हणाले, "अरे! राब म्हणजे काय गं? तुमच्याकडं करतात ना?" मी म्हटलं, "करतात." "मग तुला कसं नाही कळलं?" मी म्हटलं, "सर, एवढं बारीक होतं." "बरोबर आहे," ते म्हणाले. "उलट तू नापास केलंस म्हणूनच ती माणसं सापडली." आणि त्यांनी ती पट्टी माझ्याच हातात दिली. माझ्या हातानं मी ते सहा चौकोन आखले. राखेचा फराटा सोडून दिला, तो नकाशात घेत नाहीत. प्रत्येकाला लेबल लावलं, आणि माहिती कुठून मिळाली या रकान्यात लिहिलं, कॅमेरा अधिकारी. माझे होते ते. महिन्याभरापूर्वी, सोमवारी सकाळी, माझे होते.

रविवारी मी आईकडं जाणार नव्हते. गेले. फोन आला, आईनं तो पुन्हा ताटलीला टेकवला. धाकटीच्या आवाजावरूनच कळलं. मोठी मोहीम तिला परत मिळाली होती. त्यांच्या मोठ्या साहेबांनी सगळ्यांच्या देखत विचारलं होतं, हे तुला ओळखता कसं आलं? "मी म्हटलं, आमच्या घरी करतात सर," धाकटी म्हणाली.

आमच्या घरी! माझ्या पापण्या करपल्या आणि ही म्हणे आमच्या घरी. मी परातीतली कणीक एवढ्या जोरात मळली की आई म्हणाली, "हळू गं, परात फोडशील."

"आणि ती माणसं ना ताई," धाकटी सांगत होती, "एक बाई होती, तिनं डोक्यावरची मोळी खाली टाकली आणि दोन्ही हात केले. कधी कुणी येतच नसणार गं तिकडं. आता होडीनं माणूस पाठवणार आहेत, वस्तीचं नाव विचारायला. वादळाचा निरोप आजवर त्यांना कुणी दिलाच नव्हता. द्यायचा कुणाला, माहीतच नव्हतं ना."

मी मळायची थांबले.

आईनं हात पुसले आणि माझ्याकडं वळली. तिच्या मनात काही नव्हतं, ती आपली सहज विचारत होती. "तू तं रोजच बघतेस गं असले फोटो. तुझ्यापुढं आला असता तं तू वळखलं असतंस का नाय?"

मी बोलायच्या आतच फोनमधून धाकटी बोलली. "हे काय विचारणं झालं, आई? ताईनं पहिल्याच फोटोत ओळखलं असतं. राब ताईच भाजायची. मी कुठं होते? मी ओट्यावर कलिंगड खात होते. साहेबांना पण मी तेच सांगितलं, माझी ताई असती तर दुसऱ्यांदा उडावंच लागलं नसतं."

आई माझ्याकडं बघून हसत होती. हाताला कणीक चिकटली होती, ती मी एकेक बोट धरून काढत राहिले. आता सांगावं, असं मला वाटलं. खरंच वाटलं.

"नाय गं," मी म्हटलं. "फोटोत नाय कळत. सावलीसारखंच दिसतं."

"हो ना?" धाकटी म्हणाली. "तुला पण कळलं नसतं म्हणतेस? मग त्या तपासणाऱ्याची तरी काय चूक. मी उगाच शिव्या घातल्या गं त्याला."

"असू देत," मी म्हटलं. "घातल्यास ते बरं केलंस."